सेंट ओदीलचा दोर

कॅनडाच्या सपाट गवताळ मुलखात सेंट ओदील नावाचं जुनं शहर आहे. तिथं फिरायचा बेत आखणारे लोक सकाळ किल्ल्याला देतात, दुपार संग्रहालयाला, आणि वेळ उरलाच तर चहाआधी उभ्या उभ्या दोर बघून येतात. सांगलीहून लेकीकडे आलेले पोंक्षे पतीपत्नी असाच बेत करून निघाले होते. पण तिथला म्हातारा वाटाड्या, एमिल लावाले, कुणाच्या बेताला भीक घालत नाही. तो आधी दोराशी नेतो. नदीच्या वरच्या अंगाला लाकडी ओंडक्यांची दोन घरं आहेत. एकाच्या दारच्या खांबापासून दुसऱ्याच्या दारच्या खांबापर्यंत मनगटाएवढा जाड दोर ताणलेला आहे, आणि त्याच्या बरोबर मधोमध लाल लोकरीच्या शेल्याचा एक तुकडा गाठींनी जोडलेला आहे. तिथं एमिल टोपी काढतो, पाहुण्यांनाही काढायला लावतो आणि सांगू लागतो.

रेल्वे इथवर पोचायच्या आधीची गोष्ट, असं सांगतात. खालच्या घरात मादलेन राहायची. ती मेतीस, म्हणजे फ्रेंच व्यापारी आणि इथले मूळ लोक यांच्या सोयरिकीतून झालेल्या समाजातली. या लोकांचा लाल शेला ही फार कामाची वस्तू. एरवी तो कमरेला शोभेसाठी, आणि बर्फाचं वादळ सुटलं की जीव राखण्यासाठी. इथल्या वादळात माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून प्रत्येक घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला असे. गुरांना चारा घालायला जाणारा शेल्याने स्वतःला त्या दोरात अडकवून घेई. गोठ्यात पोचला की दोराला दोन हिसके देई, आणि घरात खांबाशी हात लावून बसलेल्या बाईचा जीव भांड्यात पडे.

एका हिवाळ्यात मादलेनचा नवरा बाप्तिस्त शेला न घेताच निघाला. गोठ्यापर्यंतच तर जायचंय, म्हणाला. त्या मुलखातली माणसं याच एका वाक्याने मेली, असं एमिल म्हणतो. मादलेन दोरावर हात ठेवून बसली ती बसलीच. हिसके आलेच नाहीत. बर्फ वितळल्यावर बाप्तिस्त सापडला तो दारापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून शेला खुंटीवर राहिला. आपण तो कधी खाली काढणार नाही, असं तिनं देवासमोर म्हटलं. आणि तेव्हापासून ती रात्री दाराला कडी घालीनाशी झाली. घरातलं माणूस बाहेर असताना कडी कशी घालायची, असं तिचं म्हणणं. लोक समजूत घालून थकले.

वरच्या घरात परास्का होती, युक्रेनहून आलेली, पदरात दोन लेकरं. तिचा नवरा हिवाळाभर दूर जंगलात लाकूडतोडीला जाई. परास्काच्या वासरांनी एकदा मादलेनची वाळल्या गवताची गंजी फस्त केली, त्यावरून दोघींची तोंडं फिरली ती फिरलीच. एकीचा दोर एकीच्या गोठ्याकडे, दुसरीचा दुसरीच्या. शेजारणीच्या दाराकडे दोर नेण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग एका दुपारी असं वादळ उठलं, की दिवसाचीच रात्र झाली. मादलेनला वरच्या अंगाकडून पातेलं बडवल्याचा आवाज आला. परास्काच्या घराचं धुराडं कोसळलं होतं. आत राहावं तर धूर, बाहेर पडावं तर बर्फ. मादलेनने ऐकलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचा प्रयत्नही केला म्हणे. पण तिला तो दिवस आठवला. बाप्तिस्तसाठी पातेलं बडवायचं आपल्याला सुचलं नव्हतं, हे आठवलं. तिनं खुंटीवरचा शेला खाली काढला.

दोर धरून ती गोठ्यापाशी गेली, तिथलं टोक सोडलं, त्याला शेला बांधला, शेल्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागली. निम्म्या वाटेवर मनगटाला ताण बसला. दोर संपला होता, शेलाही संपला होता. पुढे पातेल्याचा आवाज मंद होत होत थांबला. आता शेला सोडावा तर बाप्तिस्तची गत, आणि मागे फिरावं तर दोन लेकरं धुरात. ती तशीच उभी राहिली आणि रडली, असं एमिल सांगतो.

तेव्हा मनगटाला हिसका बसला. मग आणखी एक. समोरून नव्हे, मागून, तिच्या स्वतःच्या घराकडून, जिथं कुणीही नव्हतं.

मादलेन वळली नाही. एवढंच म्हणाली, "पोचलास होय? मग आता जरा सैल सोड."

शेला सैल झाला. ती चालली, तो येत गेला. चालता चालता तिचं कपाळ परास्काच्या दारावर आपटलं. त्याच शेल्याला धरून दोघी दोन लेकरांना घेऊन परत आल्या. घर रिकामं होतं. खांबाची गाठ जशीच्या तशी होती. सगळे आत आल्यावर मादलेनने दार लोटलं आणि कडी घातली. मग तिथंच दाराला पाठ लावून बसली.

वादळ निवळल्यावर गावानं तो दोर ताणून पाहिला. शेल्यासकट तो निम्म्या वाटेवरच संपत होता. परास्काने मुकाट्यानं आपल्या गोठ्याचा दोर सोडून आणला आणि शेल्याच्या दुसऱ्या टोकाला बांधला. शहाणी माणसं म्हणतात, ओला दोर ताणला गेला असेल. एमिल त्यांना म्हणतो, घ्या, ताणून बघा.

इथवर ऐकून जयवंतराव पोंक्षे दोर धरून पलीकडच्या खांबाकडे निघाले. सुलभाबाई अलीकडे दोरावर हात ठेवून थांबल्या. आधी त्यांना या सगळ्याचं हसू येत होतं. पलीकडून दोन हिसके आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि किल्ला राहिला तो राहिलाच.

आजही सेंट ओदीलमध्ये पहिला बर्फ पडला, की माणसं आपल्या दारापासून शेजाऱ्याच्या दारापर्यंत दोर बांधतात. आजही कुणी दूरच्या प्रवासाला निघून मुक्कामी पोचलं, की मागे राहिलेल्यांच्या घरचा फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. तो कुणी उचलत नाही. ऐकतात, आणि मग उठून दाराला कडी घालतात.