कोतवाल आणि सत्काराची शाल

“पण कुंपणच शेत खायला लागलं, तर दाद मागायची कुणाकडे, बाबा?”

विचारणारी डॉक्टर होती. इरावती मगदूम. ल्युपस नावाच्या आजारावर ती आठ वर्षं संशोधन करत होती, आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

विचारलं होतं जाफरबाबांना. बाबा फकीर. मिरजेबाहेर ओढ्याकाठी, चिंचेखाली त्यांची झोपडी. अंगावर बारा महिने तीच काळी घोंगडी. सोबतीला एक राजहंस, त्याचं नाव कोतवाल. आवाज फुटक्या सनईसारखा. परका माणूस दिसला की कोतवाल थेट पोटरी धरायचा. बाबांच्या पायाशी मात्र मान टेकून झोपायचा. तो ओढ्यावर पोहायला गेला की मगच इरावती झोपडीकडे फिरकायची.

“नीट सांग,” बाबा म्हणाले. “मला तुझं डॉक्टरी न्हाई कळत.”

“अंगात जंतू शिरले की लढायला पांढऱ्या पेशी असतात. पहारेकरीच म्हणा. या आजारात ते घरच्यांनाच परके समजतात. सांधे, कातडी, मूत्रपिंडं... सापडेल त्याला चावत सुटतात. गद्दार!”

“सगळेच?”

“काही. त्यांनाच हुडकतेय मी.”

“मग हुडक की. माझ्याकडं कशाला आलीस?”



इरावती बोलली, तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाईंचा आवाज अगदी लहान झाला होता.

“माझ्या धाकट्या बहिणीला तोच आजार आहे. सुप्रभाला. औषधं चांगली लागू पडत होती. परवा तिनं विचारलं, ‘ताई, माझ्याच शरीराला मी नकोशी झालेय का?’... मी तिला पांढऱ्या पेशीच समजावत बसले, बाबा. तेव्हापासून तिनं गोळ्या बंद केल्यात. म्हणते, ज्याला मी नको, त्याला मी तरी कशाला जगवू?”

बाबांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

दोन घोट पिऊन इरावतीनं विषय बदलला. तिनं पिशवीतून एक शाल काढली. गेल्या आठवड्यात मोठ्या परिषदेत तिचा सत्कार झाला होता, त्यातली. भगवी, झगझगीत, जरीच्या काठाची. सत्कार कसा झाला, टाळ्या किती वेळ वाजल्या, हेही तिनं ओघात सांगितलं. मग बाबांची घोंगडी उतरवून तिनं शाल त्यांच्या खांद्यावर घातली.

“ही तुम्हाला.”

बाबा हरखले. उठून उभे राहिले, एक गिरकी घेतली.

“नवरदेव दिसतोय का गं?”

तेवढ्यात कोतवाल ओढ्यावरून परतला.

त्यानं शाल पाहिली. मान जमिनीलगत लांब केली, पंख पसरले, फिस्कारला... आणि धावत येऊन बाबांची नडगी धरली.

“या अल्ला!”

इरावतीनं शेजारी ठेवलेली आपली छत्री उचलली. “गद्दार! ज्याच्या हातचं खाल्लं त्यालाच चावतोस? याला कोंडा, बाबा!”

“कोंड,” बाबा नडगी चोळत म्हणाले.

छत्रीनं ढकलत, दोनदा स्वतः चावून घेत, तिनं कोतवालाला कोंबड्या झाकायच्या मोठ्या डालग्याखाली घातलं. वर दगड ठेवला. मग पदर सावरून चिंचेखालच्या खाटेवर बसली.

“बघा. संपला की नाही त्रास?”

“संपला की.”

बांधावरून एक भटकं कुत्रं आलं. घाई नव्हती त्याला. झोपडीत शिरलं, बाबांच्या दुपारच्या दोन्ही भाकऱ्या तोंडात धरून बाहेर आलं. इरावतीकडे एकदा बघितलं, आणि आल्या वाटेनं निघून गेलं.

डालग्याखाली कोतवाल नुसता आकांत करत होता.

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आज रोजा घडला बघ, न धरता!”

इरावती आधी ओशाळली. मग तिलाही हसू आवरेना. अशी मोकळी ती कित्येक दिवसांत हसली नव्हती. उठून तिनं डालगं उचललं.

कोतवाल फणफणत बाहेर आला. एव्हाना बाबांनी शाल काढून पुन्हा घोंगडी पांघरली होती. कोतवालानं त्यांना खालून वर न्याहाळलं, वरून खाली न्याहाळलं. मग डुलत डुलत जवळ आला, आणि मघाशी चावलेल्या त्याच नडगीवर मान टेकून बसला.

बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

“म्हणजे कोंडणं चुकीचंच?” इरावतीनं विचारलं.

“कुणी म्हटलं? लय पिसाळला तर झाकायलाच लागतं. डालगं मी उगीच ठेवलंय होय? गोळ्या चालू कर तिच्या. आजच.”

इरावतीनं खाली पडलेली शाल उचलली. झटकली. जरीवरून बोट फिरवलं.

“बाबा, आठ वर्षं मी कोतवालच तपासतेय. त्याला काय दिसलं, ते तपासलंच नाही. घरचा माणूस परका का दिसला... शालीकडे मी बघितलंच नाही.”

“ती शाल घेऊन जा बाई,” बाबा म्हणाले. “माझ्या दुसऱ्या नडगीला झेपायची न्हाई.”

ती निघाली. बांधापर्यंत गेली, आणि परत फिरली. कोतवालानं मान उचलली तशी चार पावलं लांबच थांबली.

“बाबा, पण तिला काय सांगू? सुप्रभाला?”

“घेऊन ये तिला इकडं.”

“या आजारात ऊन सोसत नाही तिला.”

“मग दिवेलागणीला आण.”

“आणि आल्यावर?”

बाबांनी घोंगडी जरा वर केली. नडगीवर लालभडक वळ उठला होता, आणि वळाशेजारी कोतवाल डोळे मिटून पहुडला होता.

“ही नडगी दाखवतो तिला... आणि विचारतो, हा कुणाला राखायला चावला?”