भट्टीत गेलेल्या सात चकत्या

माझ्यासारखा गोष्ट सांगणारा सात गावांत सापडायचा नाही. खोटं वाटत असेल तर सातही गावांत विचारून या. मी आलोय विचारून. सहा गावांनी दार लावून घेतलं आणि सातव्यानं अंगावर कुत्रं सोडलं. तेव्हा आता तुम्हीच उरलात. बसा. पोरांनो, तोंडातला लाडू आधी संपवा. म्हाताऱ्यांनो, तुमच्या तोंडात काय आहे ते मी विचारत नाही. दात तर नक्कीच नाहीत.

तर कोणे एके काळी एका नदीच्या काठी एक बाजारगाव होतं. कोणे एके काळी म्हणजे नेमकं कधी, ते मला विचारू नका. मी दुसरीपर्यंत शिकलो, आणि दुसरीतलं बरंचसं वर्ष वर्गाबाहेर उभा होतो.

त्या गावात उधारीची एक रीत होती. प्रत्येक घराचा एक लाकडी ठसा असे. माल घेतला की दुकानदार ओल्या मातीची चकती पुढे करी. गिऱ्हाइकानं तिच्यावर आपल्या घराचा ठसा उमटवायचा आणि माल घेऊन जायचं. अमावास्येला येऊन पैसे चुकते केले, की दुकानदार ती चकती मळून पुन्हा चिखल करून टाकी. झालं, व्यवहार मिटला.

पण अमावास्येला कुणी आलंच नाही तर? तर ती चकती कुंभाराच्या भट्टीत जाई. भाजून लालबुंद झाली की बाजाराचा चौधरी ती त्या घराच्या नावाच्या टोपलीत टाकी. मग तुम्ही दुसऱ्या दिवशी दुप्पट पैसे आणून द्या, नाहीतर चौधरीचे पाय धरा. भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होतो का? सात पावसाळे ती चकती टोपलीत राही. आणि कुणाला काही मोठं सामान उधार हवं असलं, की चौधरी आधी टोपली बघे, मग माणूस.

या गावात एक दोरवाला म्हातारा राहायचा. त्याच्या ठशावर दोन पेडांची गाठ कोरलेली होती. चाळीस वर्षं त्यानं दोर वळले आणि चाळीस वर्षांत त्याच्या टोपलीत एक चकती पडली नाही. बाकी मात्र माणूस वात्रट. कुणाच्या चपला झाडावर, कुणाच्या बोकडाला पागोटं. गावात एकही माणूस असा नव्हता ज्याची त्यानं थट्टा केली नाही. मला तो फार आवडतो. का, ते विचारू नका.

त्याला एक लेक होती. ती कापड रंगवायची. धंदा नवा होता तेव्हा तिला कोण ओळखणार? पण तिनं बापाचा ठसा पुढे केला, आणि दोन पेडांची गाठ बघताच दुकानदारांनी मंजिष्ठा दिली, हळद दिली, मडकी दिली. बापाची पत होती, तिच्या जोरावर लेक उभी राहिली. पुढे बाप थकला, तेव्हा घर लेकीच्या नावावर झालं, ठसाही तिचा झाला, टोपलीही तिची झाली.

तेव्हा लेकीनं त्याच गाठीचा आणखी एक ठसा कोरून घेतला आणि बापाच्या करगोट्याला बांधला.

"बा, हा तुझा जोडठसा. काही लागलं तर घेत जा. मला विचारत बसू नकोस."

"मग मी हत्ती घेतो," म्हातारा म्हणाला.

"घे. पण रोजची लीद तूच काढायची."

दोघंही हसली. इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पोरांनो, लाडू आणखी असेल तर आत्ताच खाऊन घ्या.

म्हातारा अजून दोर वळायचा. पण आता त्याची बोटं थरथरायची. दोराचा पीळ सैल पडायचा. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक दोर हातात घ्यायचं, ताणून बघायचं, आणि काही न बोलता खाली ठेवायचं. म्हाताऱ्याला वाटायचं, याच्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. संध्याकाळी तो न खपलेले दोर गोठ्यातल्या कडब्याखाली लपवायचा आणि लेकीला सांगायचा, "खपले गं सगळे. लोक नुसते तुटून पडले."

घाटाच्या पायऱ्यांवर तो धरून पाच म्हाताऱ्यांची बैठक बसे. दर बाजाराला एकानं सगळ्यांना खाऊ घालायचा, अशी पाळी होती. दोरवाल्याची पाळी आली. कनवटीला काही नव्हतं. ते चार मित्रांना कसं सांगायचं? आणि लेकीकडे दोन कवड्या कशा मागायच्या? मागितल्या तर दोर खपत नाहीत हे कळणार. तो फुटाणेवालीकडे गेला, पाच पुड्या घेतल्या आणि ओल्या चकतीवर ठसा दाबला. मनाशी म्हणाला, अमावास्येच्या आत एखादा दोर खपेल, मग गुपचूप देऊन टाकू.

दोर खपला नाही. अमावास्येला फुटाणेवालीनं त्याला हाक मारली, "अहो दोरवाले, चकती भट्टीत जाईल बरं का!"

"भाज, भाज!" म्हातारा लांबूनच ओरडला. "तुझ्या फुटाण्यांबरोबरच भाज, खमंग लागेल!"

आजूबाजूचे हसले. फुटाणेवालीही हसली. तिच्या हसण्याचा म्हाताऱ्यानं सोयीचा अर्थ लावला: ओळखीची बाई आहे, दोन कवड्यांसाठी कोण भट्टीपर्यंत जातंय! आणि तो दुसऱ्या गल्लीनं घरी गेला. त्यानंतर तो नेहमीच दुसऱ्या गल्लीनं जायला लागला. पुढच्या पाळीला फुटाणेवालीला तोंड कसं दाखवायचं, म्हणून त्यानं गूळ घेतला. मग गूळवाल्याची गल्ली बंद झाली. मग बत्तासे. मग शेंगा. वर्षभरात सात खाऊ झाले, सात गल्ल्या बंद झाल्या, आणि म्हाताऱ्याला आपल्याच गावात घरी जायला गावाबाहेरून वळसा पडू लागला.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपल्या चकत्या दर अमावास्येला स्वतः जाऊन मोडून येत होती. आपली टोपली रिकामी आहे, अशी तिची खात्री होती.

अशात राजवाड्यातून दवंडी आली. राजपुत्राचं लग्न होतं आणि पाचशे पागोटी रंगवायची होती. लेकीच्या मडक्यांत दिवसाला चार पागोटी निघायची. तिला मोठी तांब्याची कढई हवी होती. तशी कढई बाजारात एकच होती, आणि ती उधार मागणारे तिघं होते. ज्याला कढई मिळेल त्याला राजवाड्याचं काम, आणि मग जन्मभराची ददात मिटली. लेकीनं तर शेजारच्या दोन बायकांना शब्दही देऊन ठेवला होता, की ढवळायला तुम्हीच या.

निवाड्याच्या दिवशी सगळा बाजार जमला. म्हातारा मागं मित्रांत उभा होता, छाती पुढे काढून. "टोपली रिकामी आहे आमची," तो सांगत होता. "इतकी रिकामी, की चौधरी तिच्यात कोंबडी बसवतो."

चौधरीची एक पद्धत होती. आधी नाव घ्यायचं नाही. आधी टोपलीत काय आहे ते सांगायचं. ओळख आड येऊ नये म्हणून. त्यानं पहिली टोपली उघडली. तिच्यात धान्याची एक चकती. दुसरी टोपली साफ रिकामी. "हीच आमची," म्हणत म्हाताऱ्यानं मित्राला कोपर मारलं. मग त्यानं तिसरी उघडली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"या घराच्या सात चकत्या," तो म्हणाला. "सगळ्या एका वर्षातल्या. आणि सगळ्या खाऊच्या."

लोक कुजबुजले. आणि आमच्या म्हाताऱ्याला थट्टा सुचली. थट्टा सुचली की त्याचं डोकं घर सोडून जायचं आणि नुसती जीभ मागं राहायची.

"चौधरी!" तो ओरडला. "असल्या घराला कढई देऊ नका हो! रंग कसला, फुटाणेच भाजतील तिच्यात!"

बाजार हसून लोटपोट झाला. पोरांनी तर लगेच चाल लावली, "कढईत फुटाणे, कढईत फुटाणे!"

चौधरीनं चकती उलटी केली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

तिच्यावर दोन पेडांची गाठ होती.

हसणं एकदम थांबलं नाही. हसणं असं कधी थांबतं का? ते आधी पुढच्या रांगेत थांबलं, मग मधल्या, आणि मागं पोरं आपली ओरडतच राहिली. लेकीनं चकतीकडे पाहिलं. मग वळून बापाकडे पाहिलं. तिला कळलं. मान खाली घालून तिनं पदर सारखा केला, जणू फुटाणे तिनंच खाल्ले होते.

म्हाताऱ्याला वाटलं, त्या कढईखाली जाळ लावावा आणि आपल्यालाच आत टाकावं.

"मी केलं!" तो पुढे येत म्हणाला. "ठसे मी मारले. तिला ठाऊकही नाही."

आणि लोक पुन्हा हसले! "बघा, म्हाताऱ्याची नवी थट्टा!" "लेकीवर पांघरूण घालतोय हो!" जन्मभर ज्यानं हसवलं, त्याचं रडणंही लोकांना नक्कल वाटली. तो शपथा घेऊ लागला तसे लोक आणखी हसले.

शेवटी फुटाणेवाली उभी राहिली. "खरं बोलतोय तो. पहिली चकती माझ्याकडची आहे."

चौधरीनं तिचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "असेल. पण आम्ही हात बघत नाही, ठसा बघतो. म्हाताऱ्या, तुझी लेक धंद्यात नवी होती, तेव्हा तुझ्या गाठीवर आम्ही तिला माल दिला. तेव्हा तू येऊन सांगितलंस का, की हात तिचा आहे, माझी पत तिला देऊ नका?"

म्हाताऱ्यानं करगोट्याचा जोडठसा मुठीत झाकला.

कढई रिकाम्या टोपलीवाल्याला मिळाली. पाचशे पागोटी त्याच्याकडे गेली. ढवळायला हात कमी पडले, तेव्हा त्यानं मजुरीवर बायका बोलावल्या. शब्द दिलेल्या त्या दोघी शेजारणींना घेऊन लेकही गेली. जी कढई तिची व्हायची, तिच्यात ती दुसऱ्याचा रंग ढवळत राहिली, आणि येता-जाता पोरं मागून ओरडत, "कढईत फुटाणे!" ही ओळ कुणाची होती, ते पोरं विसरली. म्हातारा विसरला नाही.

लेकीनं सातही ठिकाणी पैसे भरले. सगळे मिळून एका पागोट्याच्या मजुरीएवढेही झाले नाहीत. ती बापाला एक शब्द बोलली नाही. तो ताटावर बसून वाट बघे, की आता बोलेल, आता शिव्या घालेल. ती आमटी वाढून आत जाई.

एक दिवस कडबा काढताना तिला दोर सापडले. वर्षभराचे, वेटोळी करून ठेवलेले. ती ते घेऊन अंगणात आली आणि तिनं ते बापापुढे मांडले.

"बा, हे कुणाचे?"

"नाही खपले," म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला. "पीळ सैल पडतो."

"ओली कापडं वाळत घालायला पीळ कशाला लागतो? वर्षभर मी शेजारणीकडून दोर मागून आणतेय. गेल्या महिन्यात दोन विकत घेतले."

तिनं त्यातला एक दोर अंगणभर बांधला. चांगला होता हो दोर. लाजेनं कडब्याखाली गेला होता, एवढंच.

म्हाताऱ्यानं करगोट्याचा जोडठसा सोडला आणि चुलीत टाकला. लेकीनं तो चिमट्यानं बाहेर ओढला. एक कड करपली होती. तिनं तो पदरानं पुसून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"हा जाळून त्या सात ओल्या होणार आहेत का? ठेव. फक्त संध्याकाळी सांगत जा."

त्या दिवसापासून म्हातारा रोज संध्याकाळी सांगू लागला. आज काही नाही. आज सुपारी. आज काही नाही. अमावास्येला दोघं बरोबर जात, पहिल्या गल्लीपासून सातव्या गल्लीपर्यंत, सरळ वाटेनं. टोपलीतल्या सात चकत्या सात पावसाळे तशाच राहिल्या.

म्हातारा मात्र म्हातारा. चार दिवस विचार करून त्यानं या सगळ्याचं एक तात्पर्य काढलं, आणि रात्री जेवताना लेकीला मोठ्या ऐटीत ऐकवलं. तेच तुम्हीही लिहून घ्या, माझ्याकडे दुसरं नाही: एका ठशाला दोन हात लागले, की दोन तोंडं मिटून चालत नाही.

लेकीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"लाख मोलाचं बोललास, बा. दोन कवड्यांचे फुटाणे घेतलेस तेव्हा बोलला असतास, तर दोन कवड्यांत भागलं असतं."