बिनझाकणाचा पहारेकरी

एका सकाळी तळकोट दरबारातल्या सगळ्या संगणकांवर एकच बोकड दिसू लागला. राजाचे हुकूम गायब, फक्त रवंथ करणारा बोकड! चोर बाहेरून शिरला हे उघड होतं. राजा गजकेतूने ताबडतोब महाद्वारावरच्या भिकाजी द्वारपालाला कोठडीत टाकलं. दार त्याचंच ना?

त्याची मुलगी तुळसा कॉलेजात संगणक शिकत होती. ती तडक दरबारात आली.

"चोर इंटरनेटच्या तारेतून आला, महाराज. बाबा दारात उभे होते."

"मग तारेत पहारेकरी उभा कर," हट्टी राजा म्हणाला. "बाहेरचं काहीही आत घुसता कामा नये, पण माझं राशिभविष्य जेवणाआधी आलंच पाहिजे. जमलं तर बाप सुटेल."

प्रधानाने तोवर तारेवरच्या पहाऱ्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेली सीलबंद पेटी आणली. आत काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि याचाच त्याला अभिमान होता.

तुळसाने अडगळीतला जुना संगणक मागितला. त्यावर तिने शब्द न् शब्द कुणालाही वाचता येईल अशी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम चढवली आणि तारेतली ये-जा तपासणारा पॅकेट फिल्टर बसवला. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं उमटली.

"यात मोर नाचत नाही?" राजा हिरमुसला.

"पहारेकरीच नाचला, तर पहारा कोण देणार?"

तिने दोनच नियम लिहिले. आपणहून येईल ते अडवायचं. महाराजांनी स्वतः काही विचारलं, तर त्याचं उत्तर तेवढं सोडायचं. राजाने भविष्य विचारलं, ते आलं. मागोमाग बोकडही आला, पण तारेतच अडकला आणि भिंतीतून बें बें करत राहिला.

प्रधान मात्र हटेना. हिची रचना तर चोरही वाचतील, पेटी निदान गुप्त आहे, असं त्याने राजाला पटवत आणलं. राजा डळमळला. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

विषाच्या भीतीने राजाचं जेवण त्याच्या डोळ्यांसमोर, उघड्या चुलीवर शिजे. तुळसाने त्याच्यापुढे तोंड बांधलेलं मडकं ठेवलं.

"यात काय आहे?"

"ते गुप्त आहे, महाराज. मलाही सांगितलेलं नाही. जेवा."

राजाने मडक्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, प्रधानाकडे पाहिलं आणि पोट धरून हसू लागला. मडकं प्रधानाच्या पानापुढे सरकलं. भिकाजी सुटला, तुळसा तारेची द्वारपाल झाली. तिच्या हट्टावरून पहाऱ्याचे दोन्ही नियम महाद्वारावर कोरले गेले, चोरांनाही सहज वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत.