दोन आळ्यांची एक भाकर

बसा गं पोरींनो, बसा रे दातपडक्यांनो. सलोमीची गोष्ट ऐका.

सलोमी एवढीशी. फ्रॉकला रंगीबेरंगी ठिगळं, आईबाप देवाघरी. बिचारी वार लावून जेवायची, आज वरच्या आळीत, उद्या खालच्या आळीत. मग मंडळीतल्या मोठ्यांना शहाणपण सुचलं. ते सुचलं की लहानांनी पळावं. प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून मोडून खायची भाकर बाजरीची हवी की गव्हाची, यावर आळ्या भांडल्या. चर्चमध्येसुद्धा एकमेकींकडे पाठ करून बसू लागल्या.

वरची आळी सलोमीला म्हणे, "तू त्यांच्यात जेवतेस." खालची म्हणे, "तू तर त्यांचीच." झालं, सलोमीचे सगळे वार उपासाचे.

चर्चमागच्या बागेत जाईच्या वेलाखाली ती शिळा तुकडा घेऊन बसली, तर एका कळीतून इवलीशी परी उतरली. पंख मोरपिशी, झगा दवाचा, पोट मात्र खपाटीला.

"सलोमीबाई, घासभर मिळेल का?"

सलोमीने अर्धा तुकडा दिला. परीने मिटक्या मारत खाल्ला, बोटंही चाटली. पऱ्यांना कोण शिस्त लावणार?

"आता तू माग," परी म्हणाली. "पण नेम आहे हं. मिळेल ते सगळ्यांनी मिळून खायचं. एकानेही पाठ फिरवली, तर मिळालेल्या खाऊचा दगड होईल."

सलोमीच्या डोळ्यांपुढे तूपभात नाचला. तरी ती म्हणाली, "सगळ्यांना पुरेल अशी भाकर दे."

"चमक माझी, पीठ तुमचं." परीने तिच्या तळव्यावर चिमूटभर चांदणचुरा ठेवला.

त्या गावात बाया स्वयंपाकाआधी मूठभर पीठ प्रभूसाठी काढून ठेवत. वरच्या आळीचं बाजरीचं मडकं दीनामावशीकडे, खालच्या आळीचं गव्हाचं शांतवनतात्यांकडे. सलोमीने मावशीकडे मूठ मागितली.

"घे गं, पोटाला घाल. खालच्यांना सांगू नकोस."

तात्या म्हणाले, "ने बाळा. वरच्यांना कळू देऊ नको हो, फुगून बसतील."

सलोमीने दोन्ही पिठं चांदणचुऱ्यात मळली आणि मोठी भाकर भाजली. खरपूस वास सुटला, पोट कुरकुरलं, पण तिने कणही चाखला नाही.

रविवारी चर्चच्या मेजावर भाकर चांदीसारखी लखलखत होती. मावशीने नाक उडवलं. "यात गहू आहे."

"बाजरीही आहे," तात्या फुरफुरले.

"मग आमची बाजरी काढून द्या."

पाळकबाबा शांतपणे म्हणाले, "काढा की मावशी. चष्मा देऊ?"

मावशीने रागाने पाठ फिरवली. भाकरीची कड दगड होऊ लागली. सलोमीने धावत जाऊन तिचा पदर धरला.

"मावशी, कालपासून पोटात काही नाही गं. तू खाल्लंस तरच मला मिळेल."

"अगं, मग माझं पीठ?"

"ते सगळ्यांसाठी यातच घातलं."

मावशीचे डोळे भरले. पाळकबाबांनी प्रार्थना करून भाकर मोडली. तात्यांनी पहिला तुकडा तिच्यापुढे धरला. "घ्या दीनाबाई, प्रभू एकच आहे आपला." मावशीने घेतला, आणि दुसरा स्वतः तात्यांना दिला. भाकर लोण्यासारखी मऊ झाली. सगळ्यांना पुरली, सलोमीला तर चांगला चतकोर.

त्याच दुपारी मावशीने सलोमीला कायमचं घरी नेलं. मागोमाग तात्या तुपाची वाटी घेऊन हजर. परी खिडकीत खुदकन हसली आणि सोनेरी उजेडात विरघळली. जाताना थोडी चमक तात्यांच्या टकलावर सांडली. अजून पुसतायत.