काचेवरची दीर्घिका

"म्हणजे ती फिरते?" चैतन्यगीर महाराजांनी विचारलं.

"फिरते, महाराज. उजवीकडे. अगदी प्रदक्षिणेसारखी."

त्रिंबकने काच दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर उभी धरली होती. काचेवर त्याने एक दूरची दीर्घिका रंगवली होती. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण दुसरी. तो कॉलेजात शिकवायचा. मठातल्या महादेवाच्या मंडपात ही काच बसवायची, खाली 'विश्वही प्रदक्षिणा घालते' असं लिहायचं आणि शिवरात्रीला त्यावर प्रवचन करायचं, असं त्याने ठरवलं होतं. ते त्याचं पहिलं प्रवचन. महाराजांनी अजून हो म्हटलं नव्हतं.

"फिरताना दिसते का?"

"नाही. एका फेरीला युगं लागतात. हे फाटे मागे रेललेत ना, त्यावरून कळतं."

"मधे पिवळं का?"

"म्हातारे तारे."

"आणि कडेचं निळं?"

"नवे जन्मलेले."

"हं... म्हातारे मधली जागा सोडत नाहीत. मठासारखंच."

त्रिंबक हसला नाही.

"लांब आहे फार?"

"आज दिसतो तो उजेड तिथून निघाला, तेव्हा माणूस नव्हता, महाराज."

"मग तिला प्रदक्षिणा शिकवली कुणी?"

"तोच तर पुरावा! रीत आपली नाही, विश्वाची आहे."

महाराज काचेकडे जरा वाकले.

"त्रिंबक, तुला तिकडून कशी दिसते?"

त्रिंबकने मान वाकवून आपल्या बाजूने पाहिलं.

"डावीकडे फिरणारी. पण महाराज, ही मागची बाजू आहे."

"तिला माहीत आहे का ते?"

त्रिंबकने काच खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते.

"जा, पिंडीला प्रदक्षिणा घालून ये."

त्रिंबक गेला. अभिषेकाचं पाणी वाहून जाणाऱ्या पन्हळीपाशी थांबला. ती ओलांडायची नसते. सगळे वळतात तसा वळला आणि आल्या वाटेने परत आला.

"जाताना एकीकडून, येताना उलटा," महाराज म्हणाले. "यातली देवाला पोचली कुठली?"

त्रिंबकने खाली ठेवलेली काच पुन्हा उचलली.

"काच बसव. चांगली रंगवली आहेस. भिंतीला लावू नकोस, मंडपाच्या मधोमध टांग."

"आणि... प्रवचन, महाराज?"

"कर की. फक्त काचेच्या कुठल्या बाजूला बसणार, ते आधी सांग."