पाखऱ्याचं आवतण

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीने चोळायचे आणि त्यांना म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"माझा बैल माझ्या शब्दाबाहेर नाही," अशी फुशारकी मारत गावचे जमीनदार मालगुजार अमृतराव यांनी पाहुण्यांदेखत पाखऱ्याला आवतण दिलं. पाखऱ्याने सरळ तोंड फिरवलं. मालक दुसऱ्या बाजूला गेले, तर बैल पुन्हा फिरला. बायका पदराआड हसू लागल्या.

अमृतराव म्हाताऱ्या गड्यावर खेकसले, "लहानू, काय शिकवलंस रे याला? याने आवतण घेतलं नाही, तर उद्यापासून तुला काम नाही!"

लहानूने बैलाच्या पुठ्ठ्यावर पराणीच्या टोकदार काठीने झालेल्या जखमांवरून हळूच हात फिरवला.

"मालक, त्याची चूक नाही. वर्षभर तुम्ही त्याला पराणी टोचून बोलावता. आज एकदम 'या' म्हणालात. त्याला वाटलं, पाहुण्यांपैकीच कुणाला तरी बोलावताय!"

अंगणभर हशा पिकला. अमृतराव ओशाळले. त्यांनी कोपऱ्यातली पराणी उचलून स्वयंपाकघरात दिली. "उद्याचं पुरण हिच्यावर शिजवा."

दुसऱ्या दिवशी गावातल्या कितीतरी चुलींत पराण्याच जळत होत्या.