कोंडाजीची करंगळी

एका राज्यात निम्मी प्रजा पायांवर उभी होती आणि निम्मी डोक्यावर. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. राज्य झालं तेव्हापासून ते तसंच होतं. लोक लांबच लांब रांगांत राहत. पुढच्याशी आणि मागच्याशी प्रत्येकाची कंबर जन्मतःच घट्ट बांधलेली असे. एक सुलटा, त्याच्या पुढचा उलटा, पुन्हा सुलटा, अशी रांग थेट सरहद्दीपर्यंत जाई. हात मात्र मोकळे. ते शेजारच्या रांगेतल्या माणसाची करंगळी धरण्यासाठी.

करंगळीची पकड ती केवढी. शिंक आली तरी सुटावी. पण अख्ख्या राज्यात इतक्या करंगळ्या एकमेकींत अडकलेल्या होत्या की वादळं आली, पाऊस आला, एकदा तर हत्ती येऊन पाठ घासून गेला, तरी राज्य जागचं हललं नाही. हत्तीच ओशाळला. पहाटेचं दव बोटांना लागे, तेवढ्यानं ती लवचीक राहत. बाकीचं पाणी बाहेरच्या बाहेर निथळून जाई.

या लोकांना आणखी एक खोड होती. प्रत्येकजण जरासा उजवीकडे कललेला असे. पण उलट्याची उजवी म्हणजे सुलट्याची डावी, त्यामुळे एकाचा कल दुसरा फेडून टाकी आणि रांग सुतासारखी सरळ राही. याचं श्रेय कुणी कधी घेतलं नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

कोंडाजी डोक्यावर उभा राहणाऱ्यांपैकी. शेजारच्या रांगेतली सगुणाक्का पायांवर. कोंडाजीची टाच बरोबर अक्काच्या कानाशी येई, आणि कोंडाजीला काही सांगायचं झालं तर ते अक्काच्या पायाच्या अंगठ्याला सांगावं लागे. त्यांचं भांडण रोजचं होतं. करंगळी मात्र दोघांपैकी कुणी सोडली नव्हती.

मग राज्याला नवे दिवाण आले, पट्टीराव. ते लाकडी फूटपट्टी होते. नखशिखांत सरळ, आणि अंगभर रेघा. आपल्या पोटातलं लाकूड कसं रचलेलं आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण पट्टीला वाकून पाहता येत नाही. डोक्यावर उभी प्रजा पाहून त्यांना घेरीच आली.

"उद्या पाहुण्यानं हार घालायचा म्हटला तर यांचा गळा शोधायचा कुठं?" ते म्हणाले, आणि त्यांनी दवंडी पिटवली: सर्वांनी डोकी वर करावीत.

दवंडीवाला पहिल्यांदा कोंडाजीच्याच रांगेकडे आला. कोंडाजीला मनातून गुदगुल्या झाल्या. आकाश वर असतं असं त्यानं नुसतं ऐकलं होतं. पण उलट्याचं सुलटं व्हायचं तर करंगळी सोडायला हवी.

"सोडू नकोस रे," अक्का म्हणाली. "तुझी टाच परवडली."

"एका गिरकीचं तर काम, अक्का. आत्ता येतो."

"सुटलेलं बोट पुन्हा सापडत नसतं, कोंडाजी."

"हा काय, आलोच," म्हणून त्यानं बोट सोडलं आणि गिरकी घेतली. त्याच्या रांगेतल्या साऱ्या उलट्यांनी, आणि मागोमाग आणखी काही रांगांनीही, तेच केलं.

आकाश खरंच वर होतं. अक्काचा चेहराही त्यानं पहिल्यांदाच पाहिला; आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा तो कितीतरी मायाळू होता. कोंडाजीनं करंगळी पुढे केली. पण आता रांगेतला प्रत्येकजण एकाच बाजूला कललेला होता, आणि तो कल फेडणारं कुणी उरलं नव्हतं. रांग वळू लागली. वळता वळता तिची चकली झाली आणि कोंडाजी तिच्या पोटात गेला. बोट हवेतच राहिलं. अक्काची हाक एकदा आली, मग तीही येईना. कोंडाजीला रडू कोसळलं.

पट्टीरावांनी फक्त डोकी पाहिली. ती सगळी वर होती. ते इतके खूश झाले की सुलट झालेल्या प्रजेला त्यांनी कढत पाण्याचं अभ्यंगस्नान जाहीर केलं. उरलेल्या रांगांसाठी हुकूम लेखी काढायचा ठरला. त्याला कागद हवा, आणि कागद व्हायचा तो अशा रांगांचाच, म्हणून अक्काची रांग आणि तिच्या आसपासच्या रांगा उचलून नेल्या, कुटल्या, लाटल्या आणि वाळत घातल्या. कुटताना रांगा तुटल्या, विस्कटल्या, पण हाताशी येईल त्याची करंगळी त्यांनी धरलीच.

इकडे स्नान सुरू झालं. पाणी मोठं लाघवी. रिकामी करंगळी दिसली की ते धरणारच. कोंडाजीचंही बोट त्यानं धरलं आणि कोंडाजीला तेवढाच आधार वाटला. चकल्या फुगल्या, सगळ्यांचे गाल वर आले. "प्रजेनं बाळसं धरलं," पट्टीराव म्हणाले. थोड्याच वेळात मात्र कोण कुठला ते कळेनासं झालं आणि सुलट झालेल्या प्रजेची दाट, पांढरी, बुडबुडणारी चिकट खळ झाली.

पट्टीरावांनी घाबरून स्वतःच आत उतरून ढवळून पाहिलं. वाफेनं ते जरा वाकले, आणि वाकल्यावर त्यांना आपलं पोट पहिल्यांदा दिसलं: आत एकजण पायांवर, त्याच्या पुढचा डोक्यावर. त्यांनी घाईघाईनं नजर वर घेतली आणि त्याविषयी पुढे कधीही कुणाशी बोलले नाहीत.

हुकूम तर चिकटवायचा होताच, आणि खळ आयती तयार होती. ब्रशाच्या एका फटकाऱ्यासरशी कोंडाजी भिंतीवर पसरला. वरून कागद बसला. ऊन चढलं, तसं पाणी त्याचं बोट सोडून आल्या वाटेनं निघून गेलं. कोंडाजी रिकामी करंगळी घेऊन अंधारात पडून राहिला. मग कागदाच्या बाजूनं काहीतरी चाचपडत आलं आणि त्याच्या करंगळीत अडकलं. कुटून कुटून ते खरबरीत झालं होतं, पण अनोळखी नव्हतं.

"आत्ता येतो म्हणाला होतास," अक्का म्हणाली.

"आलो की," कोंडाजी म्हणाला.

"टाच तेवढी लांब ठेव."

कागदाच्या दर्शनी बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: डोकी वर. त्या अक्षरांमागे, कागदाच्या आत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकजण पायांवर उभा होता आणि त्याच्या पुढचा डोक्यावर. वारा आला, त्यानं कोपरा ओढून पाहिला. मग हत्ती आला, भिंतीला बराच वेळ पाठ घासत राहिला आणि ओशाळून निघून गेला. हुकूम जागचा हलला नाही.